लेक बाटलीला तोंड लावीना

आमच्या घरात बाटली आली ती माझ्या लेकीमुळे. माझ्या सासऱ्यांनी जन्मात कधी बाटलीला हात लावला नव्हता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. घोडेगावच्या बाजारातून मी दुधाची बाटली घेऊन आले, तेव्हा ते ओसरीवर बसून म्हणाले, "आपल्या घराण्यात बाटलीला तोंड लावनारी ही पयलीच म्हनायची." पण लेक आजोबांच्याच वळणावर गेलेली. तिनंही लावलं नाही.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. त्या वर्षी दिवाळीची सगळी सुट्टी आमच्या घरात एकच विषय होता, पोरगी बाटली घेते का. शिनोलीत आमचं घर भीमाशंकरच्या रस्त्याला लागून, त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्यांना तोटा नाही. जो तो आधी विचारायचा, "झाला का फराळ?" आणि आमचं उत्तर यायच्या आत, "आन् बाटलीचं काय झालं?"

हा नव्वदीच्या दशकातला काळ. बाटलीची गरज का पडली ते सांगते. मी मूळची आळ्याची. डी.एड. केलं, आणि लग्न झाल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळाली, ती वर डोंगरातल्या एका वाडीत. सकाळी घोडेगावहून वर जाणारी एसटी आमच्या दारावरून जायची. तिनं जायचं आणि संध्याकाळी ती खाली येताना तिनंच परत यायचं. मधे दुसरी गाडी नाही. गाडीतून उतरल्यावर पुन्हा चढण. पाच महिन्यांचं पोर काखेत मारून ती चढण चढणं काही खरं नव्हतं, आणि चढले असते तरी पुढं काय? शाळेत मास्तर दोन, वर्ग चार. पोर ठेवू कुठं, फळ्याला टांगू?

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा तिला आजारपणाची रजा जोडली, आणि तिला दिवाळीची सुट्टी. गोधडीला ठिगळं जोडावीत तशा रजा जोडत गेले. आता ठिगळंही संपली होती. शाळा उघडल्यावर हजर झाले नाही तर नव्या नेमणुकीवर पाणी सोडायचं. म्हणजे लेकीनं माझ्यावाचून दिवसभर दूध प्यायला शिकायचं, नाहीतर मी घरी बसायचं. तिसरी वाट नव्हती.

आणि मला घरी बसायचं नव्हतं. हे आता लिहायला सोपं आहे, तेव्हा बोलायला जड जायचं. 'बाई, बाई' करत मागं लागणारी पोरं, बसायला स्वतःची खुर्ची, मधल्या सुट्टीत कुणाचं काही उष्टं-खरकटं न काढता खाल्लेली भाकरी. ते मला पाहिजे होतं. लेकही पाहिजे होती आणि तेही पाहिजे होतं. दोन्ही मागितलं म्हणून मी हावरट असेन तर होते बाई मी हावरट.

सुरुवातीला बाटली मीच पाजायला बसले. लेकीनं एकदा बाटलीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि अशी हसली की जणू मी तिची थट्टा करतेय. निपल तोंडात घातलं तर जिभेनं बाहेर ढकललं. परत घातलं, परत ढकललं. मग हसणं संपलं आणि टाहो सुरू झाला. घोडेगावात एका चाचांचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, गंगावनं आणि लहान पोरांचं सगळं सामान तिथं मिळायचं. मी त्यांच्याकडून लाल निपल आणलं, पिवळं आणलं, लांब आणलं, आखूड आणलं. चाचा म्हणाले, "ताई, हे घेऊन जा. हे दिल्यावर पोरगं बाटली सोडत न्हाई, मंग लोक तीच तक्रार घेऊन येतात." मी म्हटलं, "चाचा, ती तक्रार करायची वेळ आली तर पेढे घेऊन येईन." पेढे राहिले ते राहिलेच.

दूध आमच्याच गोठ्यातल्या गाईचं, पाणी घालून उकळलेलं. नर्सबाई घरी येऊन सांगून गेल्या होत्या तसं बाटली उकळून घ्यायची, निपल उकळून घ्यायचं. मी इतकं उकळायचे की स्वयंपाकाला चूल मोकळी मिळेना.

आता घरातल्या माणसांचं सांगते. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची पद्धत. मामा सगळा वेळ गोठ्यात. आमचे हे शेतात, आणि घरात असले की ज्याचं ऐकतील त्याच्या बाजूनं. राहिल्या आत्या. लेकीला दिवसभर सांभाळणार त्याच. बोलायला तुसड्या. माझ्या तोंडावर कधी चांगला शब्द नाही, पण बाजारात कुणी भेटलं की, "आमची सून मास्तरीन हाय," हे आधी सांगणार, भाजीचा भाव नंतर विचारणार. शेजारच्या घरात आमच्या चुलत सासूबाई राहायच्या. त्यांना सगळं गाव काकी म्हणायचं. काकींना घरी बोलवावं लागायचं नाही, त्या आलेल्याच असायच्या.

"दुधावरची पोर टाकून दुसऱ्याची पोरं शिकवाया जायाचं," काकी म्हणायच्या, "ह्याला काय म्हनावं बया!"

"तिला काय म्हनायचं ते सरकार म्हनंल," आत्या म्हणायच्या. "तू वाटाणा सोल."

बाटली चालेना तेव्हा काकींनी जुना उपाय काढला. आत्यांनी कापसाचा बोळा दुधात बुडवून तो पोरीच्या तोंडात पिळायचा. लेकीनं बोळा काकींच्या चष्म्यावर थुंकला. मोठी माणसं म्हणतात ना, मी काही बोळ्यानं दूध पीत नाही, तेच ती सांगत होती.

मग दृष्ट. आधी लेकीची काढली. मग माझी काढली. मग काकी म्हणाल्या, बाटलीचीच काढा. मीठ-मिरच्या बाटलीवरून उतरवून चुलीत टाकल्या, तर मिरच्यांचा ठसका उठला नाही. "बगा!" काकी ओरडल्या. "ठसकाच न्हाई! किती कडक लागली व्हती!" दुधाच्या बाटलीला कोण कशाला दृष्ट लावेल, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मामा इतके दिवस गप्प होते. एक दिवस गोठ्यातून हात धुऊन आले आणि म्हणाले, "सरका. वासराला बादलीला कसं लावत्यात ठावं हाय का?" वासराला गाईपासून तोडलं की ते बादलीतून दूध पीत नाही. मग आपलं बोट त्याच्या तोंडात द्यायचं, ते चोखायला लागलं की हळूच बोट दुधात बुडवायचं. मामांनी बोट दिलं आणि लेकीनं ते मिटक्या मारत चोखायला घेतलं! मामांच्या चेहऱ्यावर असा आनंद की जणू त्यांचा बैल शर्यत जिंकला. "आता द्या बाटली," ते कुजबुजले. आत्यांनी बाटली पुढं केली, मामांनी बोटाच्या कडेनं निपल आत सरकवलं. लेकीनं निपल बरोबर वेगळं काढून बाहेर टाकलं आणि बोट ठेवलं. तीनदा केलं, तीनदा तेच. नुसत्या बोटावर पोट भरत असतं तर मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले असते.

नर्सबाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, बाटलीचा नाद सोडा, वाटी-चमच्यानं पाजा, तेच चांगलं. आत्यांनी वाटीत दूध घेतलं, गरम आहे का बघितलं, चमचा लावला. लेकीनं पहिला चमचा आत घेतला, तोंड कडू झाल्यासारखं केलं आणि फुर्र करून नर्सबाईंच्या पांढऱ्या साडीवर नक्षी काढली. "हट्टी आहे हो," नर्सबाई साडी पुसत म्हणाल्या. "कुणावर गेली?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

शेवटी काकींनीच निकाल दिला. "अगं, आईचा वास येतो तवर पोर कशाला बाटली घील? तू समोर नगंसच." हे मात्र पटण्यासारखं होतं. दूध पाजायच्या वेळी मी दूर जायचं ठरलं. पण जाऊ कुठं? आतल्या खोलीत बसले तर ती रडली की मी धावत बाहेर यायचे. काकींच्या घरी बसायला मी काही वेडी नव्हते. राहिली अंगणापलीकडची कांद्याची बराख.

आमच्या भागात कांदा साठवायला बराख असते. बांबूच्या तट्ट्यांची लांबट खोली, वारा खेळावा म्हणून सगळीकडून फटी. उन्हाळ्यात भरलेला कांदा भाव येईल येईल म्हणून ठेवायचा, आणि दिवाळीपर्यंत भाव येवो न येवो, वास मात्र हमखास येतो. मी त्या सडक्या कांद्यांच्या राशीशेजारी पोतं टाकून बसायचे. कानांत बोटं, डोळ्यांना धार. ती धार कांद्याची किती आणि माझी किती, ते कांद्यालाच ठाऊक.

पहिल्या दिवशी आत्यांनी हाक मारली, "ये गं, काय घेत न्हाई ती." मी पळत गेले, लेकीला उचललं, छातीशी धरलं. तर लेकीनं माझ्याकडं नाक वर करून बघितलं आणि तोंड फिरवलं! माझ्याकडं पाठ! अंगाला सडक्या कांद्याचा एवढा वास मारत होता की ती मलाही ओळखेना. घरात एकच हलकल्लोळ. "घ्या! आता हिकडूनबी गेली आन् तिकडूनबी!" आत्या कपाळाला हात लावून ओरडल्या. काकी म्हणाल्या, "म्या म्हनलंच व्हतं." काय म्हटलं होतं कोण जाणे. मी भर दुपारी शिकेकाईनं न्हाले, उटणं लावलं, पुन्हा न्हाले. नरक चतुर्दशीलाही मी एवढी घासले नव्हते. तेव्हा कुठं बाईसाहेबांनी मला पदरात घेतलं.

तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बराख. दुसरा उपाय काय होता? शनिवार उजाडला. सोमवारी शाळा. मी पोत्यावर बसून मनातल्या मनात राजीनाम्याचा अर्ज लिहीत होते आणि 'आपली विश्वासू' पर्यंत येऊन रडत होते. तेवढ्यात लेकीचं कुरकुरणं ऐकू आलं. मी उठून तट्ट्याच्या फटीला डोळा लावला. ओसरी समोरच होती.

आत्या मांडी घालून बसल्या होत्या. लेक मांडीवर. बाटली हातात. आत्यांनी बाटली हलवली. मग निपल स्वतःच्या तोंडात घातलं, चांगला एक घोट ओढला, जीभ फिरवली, मान डोलावली, पदराला निपल पुसलं आणि लेकीच्या तोंडात दिलं.

आत्या मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटानं दाताला, हिरड्यांना घासायची. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या लावतात. आत्यांनी परकर-पोलक्यात असल्यापासून लावलेली. उठल्यावर, जेवल्यावर, झोपताना, आणि मधे राग आला की. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. घरात सगळ्यांना इतकी सवय की तो वास आम्हाला वासच वाटायचा नाही.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाटली गरम आहे का ते तोंडानं बघायचं. वाटीतलं दूध गरम आहे का ते बोटानं बघायचं, ते पण मिश्रीच्याच बोटानं. बोळा पिळायचा तो पण आधी स्वतः चाखून. आणि मी हातात बाटली घ्यायचे ती पण आत्यांनी 'बगून' दिलेली.

मी बराखीतून अशी बाहेर आले की अंगणातल्या कोंबड्या उडून गोठ्याच्या पत्र्यावर बसल्या. केसांत कांद्याची फोलपटं, पदराला माती. "आत्या! तंबाखू पाजताय तुम्ही तिला! तंबाखू!"

"काय?"

"निपलला तोंड लावलंत! मिश्रीचं तोंड!"

"मंग? चटका बसला म्हंजी पोरीला? बगाया नगं?"

"मनगटावर थेंब टाकून बघायचं असतं ते!"

"मनगाटाला काय जीब असती व्हय?"

मी बाटली हिसकून घेतली आणि एक घोट ओढला. जळका, कडू, जीभ आखडेल असा. माझ्या पाच महिन्यांच्या लेकीनं जे केलं तेच मी केलं, तोंड वाकडं करून अंगणात थुंकले. गोठ्यातून मामा आले. "बगू," म्हणाले. त्यांनीही एक घोट घेतला, विचार केला आणि म्हणाले, "तंबाखूच हाय." म्हणजे आधी आत्या, मग मी, मग मामा. घराण्यातल्या सगळ्यांचं बाटलीला तोंड लावून झालं, एक लेकीनंच लावलं नाही.

आत्यांचा चेहरा उतरला, आणि मग चढला. "चार लेकरं वाढवली ह्याच तोंडानं," त्या म्हणाल्या. "तुझा नवराबी त्यातलाच. त्याला काय झालं?" उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, गिळलं. "आता म्हातारपनी मी इखारी झाले! सांभाळ तुझी तू. मी न्हाई हात लावायची." लेकीला मामांच्या हातात दिलं, विळा उचलला आणि शेतात निघून गेल्या. जाताना डबी मात्र कनवटीला घ्यायला विसरल्या नाहीत.

चूक सापडली होती आणि सांभाळणारं माणूसच गेलं होतं. काकी कुंपणाजवळून म्हणाल्या, "सुटला प्रश्न. आता घरीच बसायचं."

ह्यांना मध्यस्थीला शेतात पाठवलं. तासाभरानं परत आले. "आईचं बरोबर हाय," म्हणाले, "आन् तुझंबी बरोबर हाय."

"मग चुकलं कुणाचं?"

ह्यांनी बराखीकडं बघितलं. "कांद्याचं," म्हणाले.

आत्या त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत, माझ्या हातचं जेवल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. जीभ वळली तर ना! तंबाखू ती तंबाखू. पण आतून पार खचले होते. ह्यांना सांगून टाकलं की सोमवारी मी वर जाईन ती राजीनामा द्यायला. ते म्हणाले, "बरं." त्या 'बरं'चा मला इतका राग आला की दिवाळीच्या उरलेल्या चकल्या मी एकटीनं संपवल्या.

रविवारी सकाळी मी लेकीला घेऊन बसले होते. मागच्या दारी कसलातरी खसखस आवाज. बराच वेळ चाललेला. मग आत्या आल्या, माझ्यासमोर वाकल्या आणि आ वासला.

"हुंग," म्हणाल्या.

"काय?"

"हुंग म्हनते न्हवं!"

मी हुंगलं. कडुनिंबाची काडी, मीठ, आणि त्यांच्या खाली दडून बसलेली तंबाखू. "थोडा येतोय अजून," मी भीत भीत म्हटलं. आत्या तडक मागच्या दारी गेल्या. पुन्हा खसखस. परत आल्या, आ वासला. पुन्हा गेल्या. शेवटी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मीच म्हटलं, "नाही येत आता." मग त्यांनी बोट पुढं केलं. लिंबानं घासून घासून पांढरंफटक पडलेलं. तेही हुंगलं.

मग कनवटीची डबी काढून माझ्या हातात दिली. "तुझ्या ट्रंकंत घाल. कुलूप लाव. म्या मागितली तरी देऊ नगं. शिव्या दिल्या तरी देऊ नगं."

"शिव्या कशाला द्याल, आत्या?"

"देनारच की मी. माझं मला ठावं हाय."

दुपारपर्यंत ते खरं झालं. मला, मामांना, गाईला, काकींना, आणि कुठल्याशा मेलेल्या आत्तेभावाला त्यांनी अशा शिव्या घातल्या की रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला उतरून ऐकत उभा राहिला. मधेच येऊन माझ्याकडं हात पसरला, "चिमूटभर दे. वास घेते नुसता." मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, "हडळ हायेस तू हडळ." मी किल्ली पोलक्यात खोचली.

त्या दिवशी आत्यांनी बाटली धरली तेव्हा लेकीनं निपल तोंडात घेतलं. दोनचार घोट ओढले. मग ती थांबली, आत्यांच्या तोंडाकडं संशयानं बघितलं आणि निपल सोडून दिलं. संध्याकाळी थोडं आणखी प्यायली, पुन्हा सोडलं. एकदा विश्वास उडाल्यावर पोरीनं तरी का ठेवावा? एवढ्याशा दुधावर दिवस निघणार होता का? मला काही कळेना. राजीनाम्याचा कागद आणि जेवणाचा डबा, दोन्ही पिशवीत घातलं.

सोमवारी गाडी आली. आत्या लेकीला घेऊन दारात. "मागं वळून बगू नगं," म्हणाल्या. मी बघितलं. लेक ओठ काढून रडायच्या बेतात होती. पुढची सगळी वाट मी खिडकीबाहेर तोंड करून रडत होते आणि कंडक्टर बिचारा तिकीट मागायला दोनदा येऊन परत गेला.

शाळेत पोरांनी गलका केला, बाई आल्या, बाई आल्या. पण माझं चित्त कुठं थाऱ्यावर? एका पोरीनं आपला धाकटा भाऊ कडेवर आणला होता. तो भुकेनं रडायला लागला मात्र, माझ्या पोलक्याला पाझर फुटला. मी घाईघाईनं पदर लपेटून फळ्याकडं तोंड केलं आणि लिहिलेलंच पुन्हा लिहीत राहिले. ती तिकडं उपाशी असेल, आणि इथं हे असं वाया चाललंय. लाज वाटत होती आणि संतापही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. राजीनामा द्यायचा तर हेडमास्तर समोरच होते. पिशवीत हात घातला की बोटाला डबा लागायचा, कागद लागायचा नाही. की मीच लागू देत नव्हते.

संध्याकाळी गाडीतून उतरले तर रस्त्यावर काकी उभ्या. चेहरा असा लांबलचक. "आलीस व्हय? अगं, दिसभर घरात रडारड चाललीय. शेजाऱ्यानं जगावं का न्हाई?"

"प्यायली नाही का हो माझी पोर?" मी पळतच सुटले.

"अगं, पोर न्हाई!" काकी मागून ओरडल्या. "तुझी सासू!"

मामा अंगणाबाहेर दगडावर बसलेले. "मला दोनदा घराभाईर काढलं," म्हणाले. आमचे हे दुपारपासून शेतातून आलेच नव्हते. ओसरीवर आत्या बसल्या होत्या. डोक्याला फडकं करकचून बांधलेलं, डोळे लालभडक, नाकाला धार. शेजारी झोळीत लेक गाढ झोपलेली, पोट टम्म. बाटली धुऊन पालथी घातलेली.

"प्यायली?" मी झोळीवर वाकून विचारलं.

"समदं. वर आनी मागती भवानी," आत्या म्हणाल्या, आणि कपाळ दाबत हुंदका दिला. "डोस्कं फुटतंय माझं. प्वाट दगड झालंय. सोडीन म्हनलं, पन ही तंबाखू लई वंगाळ गं."

मला एकदम भडभडून आलं. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि डबी आणून त्यांच्यासमोर धरली. "घ्या आत्या. मी आलेय आता. तिला मी पाजते. लावा तुम्ही."

आत्यांनी डबी घेतली. झाकण काढलं. डोळे मिटून एकदा खोलवर वास घेतला. मग त्यांनी झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात परत कोंबली.

"आन् उद्या?" त्या म्हणाल्या. "उद्या साळा न्हाई व्हय तुझी?"

"पण तुमचं पोट..."

"माझ्या प्वाटाचं मी बगंन. तुझी साळा बुडाया नगं."

मी तिथंच उंबऱ्यात बसले आणि पोरीसारखी रडले. आत्यांनी नाक शिंकरलं.

"रडाया काय झालं? कोन मेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "ऊठ. आधी त्या ट्रंकंला कुलूप लाव, माझ्यादेखत."